अर्पण पिशवीत पडल्यानंतर काय होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नुकतेच तुमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायाचे, खजिनदार झालात. वह्या चाळल्यावर दिसलं की खर्चाचा बहुतेक भार मोजकीच कुटुंबं उचलतात, तरुण सभासदांच्या नावापुढे जवळपास काहीच नाही, आणि अर्पण दर वर्षी थोडं थोडं घटतंय. कमिटीत दोन सूचना आल्या आहेत. पाळकांनी (पास्टरांनी) सलग चार रविवार दशांशावर, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्यावर, उपदेश करावा, ही एक. वार्षिक सभेत देणाऱ्यांची नावं रकमांसह वाचावीत, म्हणजे बाकीच्यांना लाज वाटेल, ही दुसरी. यातलं आधी काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. मी बावीस वर्षं एका मंडळीचा खजिनदार होतो आणि आता इतर मंडळ्यांचे हिशेब तपासायला जातो. या सगळ्या काळात माझं एक मत पक्कं होत गेलं. माणूस आज किती देतो, हे त्याने काल दिलेल्याचं पुढे काय झालं ते त्याला दिसलं की नाही, यावर ठरतं. उपदेशाने एखाद-दोन महिने फरक पडतो. मग अर्पण जुन्या पातळीवर येतं, आणि 'हे पैशाचंच बोलतात' हा शिक्का मात्र पाळकांवर कायमचा बसतो.

शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण 'दुसरे राजे' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. मंदिरासाठी येणारा पैसा याजकांनी घ्यावा आणि त्यातून पडझड दुरुस्त करावी, असं योवाश राजाने सांगितलं होतं. त्याच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष आलं तरी दुरुस्ती झाली नव्हती. याजकांनी पैसा खाल्ला असं तिथे म्हटलेलं नाही. पैसा येत होता आणि भिंती तशाच होत्या, एवढंच लिहिलंय. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटीत बराच पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे येऊन तो मोजत, थैल्यांत बांधत आणि कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हाती देत. तिथून तो सुतारांना, गवंड्यांना, पाथरवटांना मिळे. हीच हकीकत 'दुसरा इतिहास' या पुस्तकातही आली आहे. तिथे लिहिलंय की सरदार आणि लोक आनंदाने आणून पेटी भरेपर्यंत टाकत राहिले.

माणसं तीच, मंदिर तेच. बदलला तो पैशाचा रस्ता. पेटी सगळ्यांसमोर आली, मोजणारे दोन झाले, आणि तेही दोन वेगळ्या अधिकारांचे: एक दरबारचा, एक मंदिराचा. त्याच अध्यायात असंही वचन आहे की देखरेख करणाऱ्यांकडून हिशेब मागत नसत, कारण ते प्रामाणिकपणे वागत. हिशेबाचा विषय निघाला की कोणीतरी हे वचन हमखास पुढे करतं. त्यांना एवढंच दाखवा की पैसा त्या लोकांच्या हाती पडण्याआधी दोघांनी मोजलेला होता आणि काम सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभं राहत होतं.

प्रेषित पौलाचंही तसंच. यरुशलेमेतल्या गोरगरिबांसाठी मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांतून त्याने वर्गणी जमवली, पण ती एकट्याच्या हातात ठेवली नाही. मंडळ्यांनी निवडलेला बंधू त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर पाठवला आणि कारणही लिहून ठेवलं: एवढ्या मोठ्या देणगीच्या बाबतीत कोणी आमच्यावर दोष ठेवू नये, आणि जे प्रभूच्या दृष्टीने योग्य ते माणसांच्या दृष्टीनेही योग्य दिसावं. प्रेषिताला स्वतःच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नव्हती, तरी त्याने सोबत साक्षीदार घेतला. 'पाळकांवर आमचा पूर्ण विश्वास आहे, मग मोजायला दोघं कशाला?' असं विचारणाऱ्याला मी पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय वाचायला सांगतो. दुसरा माणूस पाळकांच्या रक्षणासाठीच असतो. खोटा आरोप झाला तर एकट्याने मोजणाऱ्याच्या बाजूने बोलायला कोणी नसतं.

म्हणून सुरुवात मोजणीच्या टेबलापासून करा. उपासना संपली की त्याच दिवशी, त्याच इमारतीत, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मोजायचं. नोटा, नाणी आणि लिफाफे यांची बेरीज एका चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करायची. चिठ्ठी तुमच्याकडे येईल, पैसा बँकेत जाईल, आणि महिन्याच्या शेवटी चिठ्ठ्या व बँकेचं पत्रक ताडून पाहणारा कोणी तिसराच असेल. मोजणं, वहीत लिहिणं आणि खर्चाला मंजुरी देणं ही तिन्ही कामं एकाच माणसाकडे असू नयेत. मोजणारे दर काही महिन्यांनी बदला. पिशवी रात्रभर कोणाच्याही घरी नको, मग ते घर तुमचं असो की पाळकांचं. चेकवर दोन सह्या हव्यात. लहान मंडळीत एवढी माणसं मिळत नाहीत हे मी जाणतो, पण मोजायला दोघं आणि ताडायला तिसरा, इतकं तरी जमतंच.

मी ज्या मंडळ्यांत अफरातफर झालेली पाहिली, तिथे ती करणारा बहुतेक वेळा सगळ्यांचा लाडका, वर्षानुवर्षं एकट्याने राबणारा माणूस होता. घरात अडचण आली, 'पुढच्या महिन्यात भरतो' म्हणून त्याने थोडे उचलले, आणि तो पुढचा महिना आलाच नाही. त्याच्या शेजारी कोणी बसत असतं तर तो वाचला असता. अशा माणसाला इतकी वर्षं एकटं सोडलं यात मंडळीचाही दोष आहे असं मी मानतो.

माझ्या हातून झालेली चूकही सांगतो. खजिनदार होऊन मला चार वर्षं झाली होती. छपराच्या दुरुस्तीसाठी आम्ही वेगळा निधी जमवला होता. त्याच वर्षी मानधनाला पैसे कमी पडले, आणि कमिटीने छपराच्या निधीतून तात्पुरते घ्यायचं ठरवलं. मी सही केली. पैसा मंडळीच्याच कामाला लागला, कोणाच्या खिशात गेला नाही, म्हणून मला त्यात वावगं वाटलं नाही. परत भरायचं राहून गेलं. दीड वर्षाने छप्पर गळू लागलं तेव्हा एक वृद्ध बाई सभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "छपरासाठी दिलेले माझे पैसे कुठे आहेत?" उत्तर मला माहीत होतं, पण ते तोंडातून निघेना. त्यानंतर जवळपास तीन वर्षं कुठल्याही विशेष निधीसाठी लोकांनी हात आखडताच घेतला, आणि ते बरोबरच होतं. शेवटी आम्ही रक्कम जाहीर केली, माफी मागितली, आणि दर महिन्याला किती परत भरलं ते फळ्यावर लिहीत गेलो. शेवटचा हप्ता भरला तोवर त्या बाई वारल्या होत्या.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. ज्या कामासाठी मागितलं, त्याच कामाला लावायचं. काम रद्द झालं किंवा पैसे उरले, तर देणाऱ्यांना विचारल्याशिवाय ते वळवायचे नाहीत.

यानंतरची पायरी म्हणजे महिन्यातून एकदा एक पान. किती आलं, किती गेलं, कुठे गेलं, कुठल्या निधीत किती शिल्लक आहे. लेखापरीक्षकाचा ताळेबंद हवाच, पण तो सामान्य सभासदाला वाचता येत नाही. या पानावर आकड्याशेजारी काम लिहा. 'इतर खर्च' हा शब्द जितका मोठा, तितकी शंका मोठी. मदत निधीतून किती कुटुंबांना आधार मिळाला ते लिहा, मात्र कोणाचंही नाव किंवा ओळख पटेल असा तपशील नको. आणि कमी पडलं तेव्हाच पैशाबद्दल बोलायचं ही सवय मोडा. ज्या मंडळीत पैशाचा उल्लेख फक्त तुटीच्या वेळी होतो, तिथे 'अर्पण' हा शब्द कानावर पडताच लोक खांदे पाडतात. 'निर्गम' पुस्तकाच्या छत्तिसाव्या अध्यायात निवासमंडपासाठी, म्हणजे उपासनेच्या तंबूसाठी, लोक इतकं आणू लागले की मोशेला छावणीत दवंडी पिटून त्यांना थांबवावं लागलं. आम्हीही एकदा एका आजारी सभासदाच्या उपचारासाठी पुरेसं जमल्यावर उपासनेत सांगितलं, आता पुरे झालं, आणखी देऊ नका. त्या एका घोषणेने जो विश्वास मिळाला तो दहा उपदेशांनी मिळाला नसता.

आता दशांश. लोक समजतात तितकी ही साधी गोष्ट नाही. 'गणना' पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात दशांश लेव्यांना, म्हणजे मंदिरसेवा करणाऱ्या वंशाला, दिला आहे, कारण त्यांना वतनाची जमीन नव्हती. 'अनुवाद' पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तोच दशांश देणाऱ्याने घरच्यांसह परमेश्वरासमोर आनंदाने खायचा आहे, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच साठवून लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांना पोटभर द्यायचा आहे. तिथे बोलणं आहे ते शेताच्या उत्पन्नाचं आणि गुराढोरांचं. यातून 'पगाराचे दहा टक्के मंडळीच्या खात्यात' असा सरळ नियम निघत नाही. दशांश न देणारे देवाला लुटतात, हे मलाखी संदेष्ट्याचं वचन लोकांना चोर ठरवण्यासाठी वापरलं जातं, पण त्याच वचनात भांडाराचा उल्लेख आहे, आणि त्या भांडारातून कोणाला जेवायला मिळायचं ते कोणी सांगत नाही.

सुरुवातीच्या मंडळीत सक्ती नव्हती. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये लिहिणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर सांगतो की ज्यांची ऐपत आणि इच्छा आहे ते स्वतः ठरवून देतात, जमलेलं अध्यक्षाकडे ठेवलं जातं, आणि तो अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात असलेले आणि परके यांची काळजी घेतो. त्याच शतकाच्या अखेरीस कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन लिहितो की प्रत्येक जण महिन्यातून एकदा, त्याची इच्छा असेल आणि जमत असेल तरच, थोडं काही ठेवतो. मग राज्यसत्ता आत आली. ७७९ साली फ्रँकांचा राजा शार्लमेनने दशांश कायद्याने सक्तीचा केला. पुढच्या हजार वर्षांत युरोपात दशांश हा कर झाला आणि लोक त्याच्याकडे कर म्हणूनच पाहू लागले. १७व्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी तो नाकारला म्हणून तुरुंगवास सोसला. जर्मनीत आजही नोंदणीकृत सभासदांकडून आयकराच्या ८ किंवा ९ टक्के इतका चर्चकर सरकारमार्फत वसूल होतो, आणि तो टाळण्यासाठी अनेक जण अधिकृतपणे चर्चचं सभासदत्व सोडतात. सक्तीने तिजोरी भरते, हे खरं आहे. पण तेवढ्याने देणारी मंडळी घडत नाही.

माझं मत विचाराल तर दशांश ही स्वतःला लावायची उत्तम मोजपट्टी आहे, आणि दुसऱ्याला लावायची वाईट. तुटपुंज्या उत्पन्नाच्या घरात दहावा हिस्सा मुलांच्या ताटातून येतो. भरपूर मिळवणाऱ्याच्या घरात तो दिल्याचं जाणवतही नाही. पौलाने करिंथकरांना टक्का सांगितला नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळकतीच्या मानाने, बाजूला काढून ठेवा, एवढंच सांगितलं. नियमितपणा आणि प्रमाण, या दोन गोष्टी शिकवा. कर्जात बुडालेला कोणी तुमच्याकडे लिफाफा घेऊन आला, तर त्याला आधी कर्ज फेडायला सांगायची हिंमत ठेवा. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं, ठरवून मोकळं होणाऱ्यांना येशूने खडसावलं होतं, हे खजिनदाराने विसरू नये.

याच ओघात एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपल्याजवळची शेवटची दोन छोटी नाणी मंदिराच्या पेटीत टाकणाऱ्या विधवेच्या, तिच्या दोन टोल्यांच्या, गोष्टीवर गरिबांसमोर उपदेश करून पैसे मागणं थांबवा. मार्काच्या बाराव्या अध्यायात त्या प्रसंगाच्या अगदी आधीच्या वचनात येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना दोषी ठरवतो. ती दोन वचनं एकत्र वाचली की प्रश्न त्या बाईकडून वळून पेटी सांभाळणाऱ्यांकडे येतो. आणि 'आज पेरा, उद्या कित्येक पटींनी कापा' असं आश्वासन कोणी तुमच्या पुलपिटावरून देऊ लागला, तर खजिनदार म्हणून विरोध करा. असं ऐकून शेवटची शिल्लक देऊन बसलेल्या माणसांच्या घरी मी गेलो आहे. पैसे गेलेच, वर आपलीच श्रद्धा कमी पडली असं ते समजत होते. जमीन विकून काही पैसे मागे ठेवले, सगळे दिल्याचं खोटं सांगितलं आणि मेले, अशी हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोची गोष्ट सांगूनही लोकांना घाबरवलं जातं. पेत्र तर हनन्याला म्हणतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. दोष खोटं बोलण्याचा होता, कमी देण्याचा नव्हता.

नावं वाचण्याबद्दल माझं उत्तर स्पष्ट 'नाही' आहे. आमच्याकडे ही पद्धत पूर्वी होती. ज्यांची रक्कम सगळ्यात लहान, ती कुटुंबं त्या रविवारी येतच नसत, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मोठी रक्कम देणाऱ्याला पुढची खुर्ची मिळते, आणि श्रीमंताला चांगली जागा देणाऱ्यांना खडसावणारा याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आपल्याच सभेत खरा ठरतो. ज्याने त्याने आपली पावती खासगीत घ्यावी. पाळकांना आकडे माहीत असावेत का, यावर चांगल्या माणसांत दोन मतं आहेत. मी 'नसावेत' या बाजूचा आहे. कोण किती देतो हे कळल्यावर प्रत्येक घराकडे त्याच नजरेने पाहणं फार थोड्यांना जमतं. पण दुसऱ्या बाजूचंही एक म्हणणं खरं आहे: नियमित देणारं घर अचानक थांबलं, तर बहुतेक वेळा तिथे काहीतरी बिघडलेलं असतं. नोकरी गेलेली असते, आजारपण आलेलं असतं, किंवा मंडळीतच कोणीतरी मन दुखावलेलं असतं. यावर मी वापरलेला मार्ग असा: खजिनदाराने पाळकांना फक्त एवढंच सांगायचं, "त्या घरी एकदा जाऊन या." आकडा नाही, कारण नाही. माझ्या अशा निरोपांपैकी बरेचसे अगदी वेळेवर पोहोचले. मोठी रक्कम अटी घालून आली, की अमका पदावर हवा किंवा तमका नको, तर ती आभार मानून परत करा. मोजक्याच घरांवर चाललेली मंडळी असा नकार देऊ शकत नाही, म्हणून तर भार जास्त खांद्यांवर वाटायचा.

तरुणांबद्दल. ते देत नाहीत असं म्हणण्याआधी त्यांना द्यायचा रस्ता आहे का ते पाहा. त्यांच्या खिशात रोख नसते, आणि कित्येकांची मिळकत दर महिन्याला सारखी नसते. क्यूआर कोड लावा, पण खातं मंडळीच्या नावाचं हवं. कोणाच्याही वैयक्तिक खात्यात, एका दिवसासाठीही, अर्पण जाता कामा नये. ऑनलाइन देण्याची एक उणीव मात्र मला डाचते. आईवडील फोनवरून देतात तेव्हा मुलांना काहीच दिसत नाही, आणि देणं हे बघूनच शिकलं जातं. म्हणून पिशवी रिकामी फिरली तरी उपासनेतली ती प्रार्थना काढून टाकू नका. तरुणांकडे नुसते पैसे मागू नका, त्यांना ठरवण्यातही घ्या. मदत निधी कसा वाटायचा या चर्चेत दोन तरुण बसवा. गरज जवळून पाहिलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

वह्या समोर आहेतच, तर त्यांतच आणखी एक गोष्ट तपासा: येणाऱ्या पैशातून मंडळीच्या भिंतीबाहेर किती जातं? लेव्यांनाही मिळालेल्या दशांशाचा दशांश पुढे द्यावा लागे. जी मंडळी सगळं स्वतःच्या इमारतीवर, कार्यक्रमांवर आणि मानधनावर खर्च करते, तिने सभासदांना उदारपणा शिकवणं अवघड आहे. काही महिन्यांच्या खर्चाएवढी राखीव रक्कम ठेवणं शहाणपणाचं आहे. पण वर्षानुवर्षं वाढत जाणारी ठेव आणि शेजारी उपाशी घर, हे चित्र लोक पाहतात आणि आपला हात आवरतात.

म्हणून पुढच्या तीन महिन्यांत आधी मोजणी नीट लावा. मग जुन्या निधींची यादी करा आणि कुठला पैसा कुठे वळला ते शोधा. काही सापडलं तर पान लावण्याआधी तेच सभेला सांगा. पाळकांना म्हणावं, देण्यावर उपदेश जरूर करा, पण तूट नसलेल्या महिन्यात. पहिलं पान फळ्यावर लागेल त्या रविवारी त्याच्या शेजारी उभे राहा. प्रश्न येतील, काही बोचरेही येतील. जे लगेच सांगता येत नाही ते लिहून घ्या आणि पुढच्या रविवारी सांगा. ज्याने सगळ्यात कडक प्रश्न विचारला, त्यालाच त्यानंतरच्या महिन्यात मोजणीला बसवा.